सावेरिओने वाचलं, एर्सिलियाने लिहिलं

एर्सिलिया रडली नाही, याची आमच्या सानिता वस्तीतल्या बायकांना फार चिंता पडली होती. नवरा फेब्रुवारीत गेला. शवपेटी जिन्यावरून उतरवत होते, तेव्हा ती दारात उभी राहून सांगत होती की वळणावर डावीकडे धरा, नाहीतर भिंतीचा पोपडा पडेल. मयताच्या घरी आठवडाभर शेजाऱ्यांकडून जेवण जातं. तिने आलेलं सगळं खाल्लं, रस्सा, मासे, गोड, सगळं एकाच चालीने चावून. तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण मला म्हणाली, "तुमची कुम्मा दगडाची आहे हो." मी म्हटलं, दगडाला भूक लागत नसते. त्यावर बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते एक बरंच झालं.

माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला सावेरिओ धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. तेव्हापासून तो माझा कुम्पा, त्याची बायको माझी कुम्मा, आणि मी त्या दोघांचा कुम्पा. रक्ताचं नातं नाही, पण नेपल्समध्ये ते रक्ताच्या नात्यापेक्षा जास्त त्रास देतं. मी चेंबालो, म्हणजे पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य, आणि ऑर्गन सुरात लावतो, वेळ पडली तर वाजवतोही. माझ्याबद्दल एवढं पुरे.

एर्सिलियाच्या बापाचा हातमोजे शिवायचा धंदा होता. बारा वर्षांची असल्यापासून ती कोकराच्या कातड्यावर असे टाके घालायची की ते शोधायला भिंग लागावं. पुढे हातमोजे घालणारी माणसं संपली आणि तो हात रिकामा झाला. सावेरिओ ऑपेराच्या वाद्यवृंदात शेवटच्या रांगेत व्हायोला वाजवायचा. व्हायोलावाल्यांवरचे सगळे विनोद त्याला पाठ होते, आणि दुसऱ्याने सांगायच्या आत तोच सांगून टाकायचा. नोकरी सुटल्यावर तो देवळांच्या कपाटांतून जुनी हस्तलिखितं उकरायला लागला. तीनशे वर्षांपूर्वी ह्या शहरात गल्लीगणिक एक संगीतकार होता आणि त्यातल्या दहा-बारांची नावं सोडली तर बाकीचे उंदरांनी आणि दमट हवेने खाल्ले. जे उरलं होतं ते सावेरिओ वाचायचा आणि एर्सिलिया लिहायची.

हे अगदी शब्दशः. ती पुसट, पलीकडून फुटलेली शाई तिच्या डोळ्यांना दाद देत नसे आणि त्याचा हात कापायचा. म्हणून तो टेबलाच्या एका बाजूला पान धरून एकेक सूर गाऊन वाचायचा, रे, फा, मी, आणि ती समोर बसून स्वच्छ प्रत उतरवायची. मी कानांनी वाचते, असं ती म्हणायची. प्रत पुरी झाली की तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असायची: सावेरिओने वाचलं, एर्सिलियाने लिहिलं. एकोणीस वर्षांत अशा दोनशेच्या वर प्रती झाल्या. हे जुनं संगीत बसवणाऱ्या मायेस्त्रो इंपारातोकडे संगणकावर स्वर टाकणारी माणसं होती, तरी त्याचे गाणारे-वाजवणारे एर्सिलियाच्या हातच्या कागदांवरूनच गायचे. त्या कागदांत चूक नसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मूळ पानाशी ताडून बघायची तसदी कोणी घेत नसे.

आता ह्या धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलंय. जुन्या हस्तलिखितात ओळ संपली की कडेला एक छोटी शेपटी काढलेली असते. पुढची ओळ कोणत्या सुराने सुरू होणार ते ती शेपटी दाखवते, म्हणजे गाणाऱ्याची नजर खाली उतरताना चुकत नाही. तिला गुईदा म्हणतात, वाटाड्या. वाटाड्या फक्त बघायचा असतो, गायचा नसतो. सावेरिओ मात्र वाचताना तोही गायचा, हळूच, आणि गाताना तर्जनीच्या नखाने टेबलावर एक टिचकी मारायचा. टिचकी म्हणजे, एर्सिलिया, हा वाटाड्या आहे, हा लिहू नकोस, ओळ बदल. ती मान हलवायची आणि पेन खाली न्यायची. त्यांच्या घरी कॉफीला गेलं की स्वयंपाकघरातून ते ऐकू यायचं, सूर, सूर, सूर, टक. मला त्याचा वीट आला होता, हे कबूल करतो. आज ऐकायला मिळालं तर मी वाटेल ते देईन.

मायेस्त्रो इंपारातो चाळिशीचा, उत्साही, केस मागे बांधलेला माणूस. वाईट नाही. विसरलेलं संगीत आजच्या लोकांच्या गळी उतरवायचं हे त्याचं वेड, आणि त्यासाठी तो कोणाच्याही पाया पडायला तयार असतो. गेल्या हिवाळ्यात सावेरिओला एका बंधुमंडळाच्या चॅपेलमध्ये चार पानं सापडली होती. क्रेशेंत्सो वितोलो नावाच्या कोणा चॅपेल-मास्तरने गुड फ्रायडेसाठी केलेला मरियामातेचा विलाप. त्याचं दुसरं काहीच उरलेलं नाही, ही चारच पानं. एक बाई गाते, खाली ऑर्गनचा एकेक सूर लांबवर धरलेला, आणि गाण्याला ताल नाही. गाणारी आपल्या श्वासाने जाते. मायेस्त्रोने बघता क्षणी सांगून टाकलं की ह्या ईस्टरच्या आधी हेच करायचं.

ऑर्गनचे सूर उतरवून झाले आणि सावेरिओची फुप्फुसं बसली. एर्सिलिया सकाळी शाळेच्या कचेरीत कामाला जायची. ती घरी नसताना तो पलंगावर पडल्या पडल्या, नाकात नळी घालून, गाणाऱ्या बाईची ओळ फोनमध्ये वाचून ठेवू लागला. चार पानं, पानावर सहा ओळी. तीन सकाळींत संपवलं आणि चौथ्या सकाळी तो गेला.

मार्चमध्ये तिने तो फोन टेबलावर उभा केला आणि लिहायला बसली. मी तेव्हा तिथे होतो. गॅसवरची कॉफीची किटली तिने उघड्या हाताने उचलली, तळवा लाल झाला, आणि ती म्हणाली, "भाजलं वाटतं." भाजलं नाही, भाजलं वाटतं. मग ती बसली आणि मेलेल्या नवऱ्याच्या आवाजातून एकेक सूर उतरवू लागली. चेहऱ्यावर काही नाही. मीच उठून बाल्कनीत गेलो.

तालमी सुरू झाल्या आणि मायेस्त्रो हवेत तरंगायला लागला. कारण ह्या वितोलोने एक विलक्षण गोष्ट करून ठेवली होती. प्रत्येक ओळ संपताना आवाज पुढच्या सुरावर जायचा, तिथे अडायचा, तुटायचा, आणि पुन्हा त्याच सुरावरून नव्याने सुरू व्हायचा. मिरेल्ला, गाणारी मुलगी, तिचा गळा असा की ते ऐकताना माझ्यासारख्या निबर माणसाचीही बोटं पट्टीवर थांबायची. मायेस्त्रोने कार्यक्रमपत्रिकेत दोन पानं लिहिली, अडलेल्या हुंदक्याबद्दल. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा घसा आजच्या माणसाला ऐकू येतो, वगैरे. रेडिओवाले येणार होते. शेवटचा सूर तर अधांतरीच राहायचा, म्हणून मायेस्त्रोने मला सांगितलं होतं की त्यानंतर ऑर्गनवर एक भरघोस समारोप कर, लोकांना कळलं पाहिजे की संपलं.

होली वीकच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारी चॅपेलमध्ये तालीम होती. एर्सिलिया नेहमीप्रमाणे तिसऱ्या बाकावर, मांडीवर प्रत आणि हातात पेन्सिल. मिरेल्लाने पहिली ओळ संपवली, आवाज पुढच्या सुरावर गेला आणि तुटला. आणि मला टक ऐकू आलं.

मला वाटलं, ऑर्गनचं काही ढिलं झालं. दुसरी ओळ संपली, पुन्हा टक. मी वळून बघितलं. एर्सिलियाची तर्जनी बाकावर पडत होती. ती स्वतः पुढे बघत होती, तिला पत्ताच नव्हता. पाचव्या की सहाव्या ओळीला तिने मान खाली घातली आणि आपल्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने पेन्सिल पिशवीत टाकली आणि तालीम अर्धवट सोडून निघून गेली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी सकाळी ती माझ्या कारखान्यात आली. हातात फोन आणि एक मोठा लिफाफा. मी खुर्चीवरच्या तारा उचलून तिला जागा करून दिली. फोन माझ्या कानाला लावत ती म्हणाली की सुराकडे लक्ष देऊ नकोस, सुरानंतर काय आहे ते ऐक.

सावेरिओच्या छातीतली घरघर, मग सूर, सूर, सूर. मग एक सूर हळूच, आणि त्यानंतर काहीतरी मऊ. गादीवर उशी ठेवल्यासारखं. मी तीनदा ऐकलं. टिचकी होती ती. तो पलंगावर होता, हाताखाली टेबल नव्हतं, लोकरीचं पांघरूण होतं. त्याने प्रत्येक वाटाड्याला इमानाने टिचकी मारली होती आणि पांघरुणाने ती गिळून टाकली होती. एर्सिलियाला नुसता सूर ऐकू आला. जे ऐकू आलं ते तिने लिहिलं.

लिफाफ्यात मूळ पानांचे फोटो होते. सावेरिओच्या पलंगाशेजारच्या खणात होते ते, आणि तो खण तिने फेब्रुवारीपासून उघडला नव्हता. आम्ही भिंग घेऊन एकेक ओळ बघितली. वितोलोने हुंदका वगैरे काही लिहिलेलं नव्हतं. ओळीच्या टोकाला शेपट्या होत्या, फक्त शेपट्या.

मला सावेरिओ आठवला. कोणी जुन्या संगीतात स्वतःचे सूर घुसडले की त्याचं डोकं फिरायचं. मेलेल्याला लाली लावतायत, असं म्हणायचा, आणि असल्या संपादकांची नावं त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षं शिव्यांसकट घेतली होती. आता त्याच्याच नावाखाली चोवीस सूर बसले होते.

"कोणाला कळलंय?" मी विचारलं.

"तुला आणि मला."

मी तिला सरळ सांगितलं की मग गप्प राहा. हे मी मित्र म्हणून सांगितलं आणि थोडं वाजवणारा म्हणूनही, कारण खरं सांगायचं तर तो तुकडा त्या चुकीने सुंदर झाला होता. वितोलोची बाजू घ्यायला कोणी येणार नव्हतं. शिवाय ते सूर कोणाचे होते? सावेरिओचे. त्याने शेवटी शेवटी घेतलेले श्वास होते ते, मिरेल्लाच्या गळ्यात जाऊन बसलेले. ते खोडायचे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा जिन्यावरून उतरवायचं. हे सगळं मी बोललो, आणि बोलताना माझाच आवाज फुटला.

एर्सिलिया ऐकत होती. भाजीचा भाव ऐकावा तशी.

"कुम्पा, मला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "ठेवावं असंही नाही, काढावं असंही नाही. दोन महिने झाले, मला थंडी वाजत नाही की भूक लागत नाही. म्हणून तुला विचारायला आले. तुला वाटतंय ना काहीतरी? मग तुला काय वाटतं ते नीट सांग, मी तसं करते."

असं मला आयुष्यात कोणी विचारलेलं नाही. मी म्हटलं, "मला वाटतं ठेवावं. पण सावेरिओला काय वाटलं असतं ते तुला माहीत आहे."

तिने लिफाफ्याची कड अंगठ्याने दाबून बंद केली. नंतर उठली. दारातून म्हणाली की प्रतीच्या तळाशी त्याचं नाव आधी आहे, माझं नंतर.

मायेस्त्रोला तिने त्याच दुपारी सांगितलं, चॅपेलच्या मागच्या खोलीत, मी हजर होतो. त्याचा चेहरा उतरला तो बघवत नव्हता. आधी त्याने फोटो बघितले, मग कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा बघितला, मग खाली बसला.

"दोन्ना एर्सिलिया, परवा कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "ह्या वेळी राहू द्या. पुढच्या वर्षी दुरुस्त करू, मी शब्द देतो."

"राहू द्या. पण मग तळाची ओळ खोडते आणि तिथे तुमचं नाव घालते. मायेस्त्रोने वाचलं."

तो हसला, मग त्याला कळलं की ती चेष्टा करत नव्हती. त्याने केसांचा बुचडा सोडला आणि पुन्हा बांधला. शेवटी म्हणाला की ठीक आहे, चोवीसही काढा.

"तेवीस," एर्सिलिया म्हणाली.

तिने चौथ्या पानाचा फोटो पुढे केला. शेवटच्या ओळीच्या टोकालाही शेपटी होती. शेपटी पुढच्या ओळीसाठी असते, आणि पुढची ओळ नव्हती. म्हणजे पाचवं पान होतं कधीतरी. विलाप तिथे संपत नव्हता, तुटला होता. पाचव्या पानावरचा पहिला सूर तेवढा चौथ्या पानाने जपून ठेवला होता.

"हा सावेरिओने घातलेला नाही," ती म्हणाली. "हा वितोलोचाच आहे. हरवलेल्या पानातलं एवढंच आपल्याकडे आहे. हा गायचा आणि थांबायचं. ऑर्गन नको."

"लोकांनी करायचं काय? उठायचं की बसायचं?" मायेस्त्रोने विचारलं.

"बसतील थोडा वेळ. काय बिघडतंय?"

गुरुवारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून सूर खरवडले. मिरेल्लाची प्रत, माझी प्रत, मायेस्त्रोची प्रत. ती दाढीच्या पात्याने शाई उचलायची, मी फुंकर मारायचो, मग ती नखाच्या पाठीने कागद घोटून गुळगुळीत करायची. हातमोज्यांचं कातडं घोटावं तसं. जिन्यात सगळ्या घरांतून पास्तिएरा, म्हणजे ईस्टरचा गव्हाचा केक, भाजल्याचा वास येत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी अबोला सोडून एक आणून दिली आणि आत डोकावून बघून गेल्या. एर्सिलियाने त्यातला तुकडा खाल्ला आणि तो गोड आहे का, असं मला विचारलं. मी म्हटलं, आहे.

शुक्रवारी दुपारी चारला चॅपेल भरलं. कार्यक्रमपत्रिकेतली दोन पानं मायेस्त्रोने स्वतःच्या हाताने फाडून काढली होती आणि सुरुवातीला उभं राहून सरळ सांगितलं की मी लिहिलं होतं ते चुकीचं होतं. ह्याबद्दल मी त्या माणसाला अजून मानतो. मिरेल्ला गायला लागली. हुंदके नव्हते. ओळ संपायची, ती श्वास घ्यायची, पुढची ओळ सुरू व्हायची. साधं, उघडं, जवळजवळ कोरडं. पहिल्या पानभर मला वाटत राहिलं की आपण चूक केली, सगळं मातीत घातलं.

पण ओळींच्या मधल्या जागेत तिसऱ्या बाकावरून आवाज येत होता. टक. श्वास. टक. ह्या वेळी ती मुद्दाम मारत होती, नखाने, जुन्या अक्रोडाच्या लाकडावर. रेडिओवाल्याने वळून बघितलं. तिच्या शेजारची म्हातारी जरा सरकून बसली. एर्सिलिया समोर बघत होती आणि एकेक वाटाड्या मोजून देत होती, सावेरिओला द्यायचा होता तसा, ऐकू येईल असा. दुसरं पान, तिसरं पान. मी ऑर्गनवरचा सूर धरून बसलो होतो आणि आता मला मिरेल्लापेक्षा तेच ऐकायचं होतं.

मग शेवटची ओळ आली. मिरेल्लाने पाचव्या पानाचा तो एकटा सूर घेतला, धरला आणि सोडला. मी हात उचलले. कोणी हललं नाही. लोक वाट बघत होते, पुढे काहीतरी येईल म्हणून. त्या शांततेत टिचकी पडली, सगळ्यांत जोरात. आणि त्यानंतर खरंच काही आलं नाही.

गुड फ्रायडेला टाळ्या वाजवत नाहीत. हळूहळू माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, दार उघडलं. मी ऑर्गन बंद करून तिसऱ्या बाकाकडे गेलो. एर्सिलिया तर्जनी डोळ्यांजवळ धरून बघत होती. नख मधोमध फाटलं होतं आणि खालून रक्त आलं होतं.

"कुम्पा," ती म्हणाली, "बोट दुखतंय."

"खूप?"

"हो," ती म्हणाली. "खूप."

मी खिशातून रुमाल काढला. तो नेहमीप्रमाणे तेलाने माखलेला होता. तरी तिने घेतला, आणि बोटाला न बांधता तोंडावर दाबून धरला.